मक्यातल्या रस्त्याची डावी बाजू

सन २००५. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, अमेरिकेत मुलाकडं राहायला गेलेलो. आजही पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की ॲन आर्बरच्या बाहेरचा तो मातीचा रस्ता डोळ्यांपुढं येतो. दोन्हीकडं उंच मका, ऊन, आणि तासभरात एकही गाडी नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण सायकलचं दुकान मी चाळीस वर्षं चालवलेलं. मला सायकल कोण शिकवणार?

गावच्या सवयीनं मी डावीकडून सायकल चालवत होतो. मागून माझा मुलगा सतीश म्हणाला, "बाबा, इथं राइट साइडनं चालवतात. इकडं या."

"रिकाम्या रस्त्याला कसली बाजू? तू भित्राच राहिलास."

चढ संपता संपता समोरून गाडी आली. सतीशनं पुढं येऊन मला मक्यात ढकललं. गाडीनं त्यालाच उडवलं.

हॉस्पिटलात सुनेनं विचारलं, "बाबा, झालं कसं?"

"गाडीवाला फार वेगात होता," मी म्हणालो. सतीशनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. तो अजून लंगडतो, आणि घरात मी अजून तेच सांगतो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गॅरेजमध्ये बसून, एकेक तार आवळत, मी त्याच्या सायकलचं वाकलेलं चाक सरळ केलं.