पडद्यापलीकडचा डाग

सोनोग्राफीच्या खोलीत तिला सगळे ताईच म्हणत. पोटावर प्रोब फिरवताना ती प्रत्येकाला विचारायची, "आज घरी काय शिजलं?" माणूस सांगण्यात रमला की ताईच्या चेहऱ्याकडे बघायचं विसरतो, ही तिची जुनी युक्ती.

आज टेबलावर वहिनी होती. आई गेल्यावर ताईच्या वेण्या घालणारी, डबा भरून देणारी. मागे वहिनीच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली होती. ती दुसरीकडे कुठे पसरली नाही ना, एवढंच बघायचं होतं. यकृतात एक डाग होता, पण तो जन्माचा सोबती, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. ताईची त्याच्याशी चांगली ओळख होती.

आज डाग दोन दिसले. दुसरा छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्यापलीकडे, छातीच्या बाजूला.

ताईनं प्रोब तिथेच रोखून धरला.

"काय गं, मला नाही विचारलंस काय शिजलं ते?"

"श्वास धर, वहिनी."

"धरते. पण बशी फोडलीस की असंच तोंड व्हायचं तुझं."

यंत्र सोडतं तो आवाज कानाला ऐकू येत नाही. स्नायूचा तो पडदा त्याला आरशासारखा परतवतो. आवाज पडद्यावर आपटून डागाकडे जातो आणि त्याच वाटेनं माघारी येतो. यंत्र बिचारं भोळं. आवाज सरळच गेला असं धरतं आणि डागाचं प्रतिबिंब पडद्यापलीकडे काढून मोकळं होतं. तसं असेल, तर कोन बदलल्यावर दुसरा डाग जायला हवा.

तिनं हात कलता केला. डाग तिथेच. वहिनीला कुशीवर वळवून तिनं बरगड्यांच्या फटीतून पाहिलं. डाग पुसट झाला, मग दिसेनासा.

तरी तिचा जीव भांड्यात पडला नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत डोळे हवं तेच बघतात. तिनं शेजारच्या खोलीतून डॉक्टरांना बोलावलं आणि काही न सांगता प्रोब त्यांच्या हाती दिला. त्यांनीही कोन बदलून बदलून पाहिलं. ताई जेलची स्वच्छ बाटली पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"एकच आहे, जुना," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वरचं ते नुसतं प्रतिबिंब. पलीकडे काही नाही."

ते गेल्यावर वहिनी उठून बसली. "आता विचार."

"काय शिजलं?"

"काही नाही. या तपासणीच्या धास्तीनं कालपासून गॅस पेटवायला हातच वळला नाही. तुझा दादा दूध-पाव खाऊन कामाला गेलाय. वर म्हणतो कसा, छान झालंय."