हौसाताई चिडल्या की

शांत माणसांभोवती किस्से साठत नाहीत. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर इतके शांत, की इतकी वर्षं मी तिथे रिसेप्शनला बसतेय, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एक वाक्य माझ्याकडे नाही! उलट लोधिवलीच्या हौसाताई. जुन्या हायवेला लागून त्यांची नर्सरी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आम्ही चार-पाच जणी रविवारी तिथे जमतो. माती कालवतो, पिशव्या भरतो, शिव्या खातो आणि एखादा किस्सा घेऊन घरी येतो. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र निम्मे किस्से सांगताना हसू येत नाही. माझंच डोकं फिरतं. तरी सांगते.

*

आधी ओळख कशी झाली ते.

मी शिळफाट्याला राहते. बाल्कनीतला कढीपत्ता पिवळा पडला म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघत सुटले. गोड आवाजाची एक मुलगी म्हणाली, केळ्याची सालं घाला. घातली. दुसरी म्हणाली, चहाचा चोथा. तोही घातला. मग तांदळाचं पाणी, अंड्याची टरफलं, आंबट ताक... कढीपत्ता सुकत चालला आणि घरभर चिलटं झाली!

अशात एक व्हिडिओ लागला. अर्ध्या स्क्रीनवर कुणाचं तरी बोट आणि मागून बाईचा आवाज, "अवं, बोट काडा की कॅमेऱ्यावरचं!"

बोट गेलं. हातात खुरपं घेतलेली एक बाई थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "पान पिवळं पडलं की खत घालत सुटू नका. आदी मातीत बोट घाला. वली हाय? मंग पानी कशाला वतता? पोट भरलेल्या पोराच्या तोंडात घास कोंबता का तुमी?" मग जरा थांबून, "कोंबत असाल. तुमचा काय नेम नाय!"

मला असा राग आला! ओळख ना पाळख, ही कोण मला बोलणारी? मोबाईल सोफ्यावर आपटला, तणतणत बाल्कनीत गेले आणि कढीपत्त्याच्या मातीत बोट घातलं.

चिखल.

परत आले आणि गुपचूप सबस्क्राईब केलं.

*

पहिल्यांदा नर्सरीत गेले ते मरायला टेकलेलं लिंबाचं झाड घेऊन. छान निळी चिनी मातीची कुंडी. हौसाताईंनी ती आडवी केली, खालून बघितली, परत बघितली.

"भोक कुटं हाय?"

"ताई, पाणी गळून फरशी खराब होते, म्हणून मुद्दाम बिनभोकाची..."

"फरशी जगवायची का झाड? घरी जाऊन ठरवा, मंग या!"

मी ठरवलं, तिथेच. त्यांचे यजमान दामूभाऊ ड्रिल घेऊन आले. कुंडीला भोक पडलं, आतून काळं, कुजकं पाणी आलं. आणि या सगळ्याचं शूटिंग सुरू आहे हे मला शेवटी कळलं! हौसाताई कॅमेऱ्याला सांगत होत्या, "ह्या ताई बगा. दवाखान्यात काम करतात. दवाखान्यात!"

दुसऱ्याच आठवड्यात केसपेपर काढायला आलेल्या एक आजी माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. म्हणाल्या, "तुमी त्याच ना गं, बिनभोकाच्या कुंडीवाल्या?"

*

एका गृहस्थांनी गुलाबाच्या छाटणीच्या व्हिडिओखाली कमेंट लिहिली. 'माहिती उत्तम. भाषा सुधारावी. हाय-नाय ऐकवत नाही.'

मी तीन उत्तरं टाईप केली आणि तिन्ही पुसली, इतकी घाण होती ती! अहो, फुकट शिकवतेय बाई. चिखलात उभी राहून शिकवतेय. आणि तुम्ही पंख्याखाली बसून तिचं व्याकरण तपासताय?

पुढच्या व्हिडिओत हौसाताई डोक्यावरून पदर घेऊन, बातम्या द्यायला बसल्यासारख्या ताठ उभ्या. "नमस्कार. आज आपण गुलाबाची छाटणी शिकणार आहोत. फांदी तिरकी कापावी. डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, बाहेरच्या बाजूस असावा. कात्री स्वच्छ असावी." शेवटपर्यंत एक हाय नाही, एक नाय नाही. दामूभाऊंना इतकं हसू येत होतं, की चित्र सारखं हलत होतं.

छाटणी संपली. कात्री खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झालं. आता त्या दादांनी गुलाबाला जाऊन इचारावं, तुला पयल्या टायमाला काय कळलं नव्हतं रं?"

*

कर्जतच्या बाजूला एकाचं नवं फार्महाऊस झालं. साहेब मोठी गाडी घेऊन नर्सरीत आले. म्हणाले, "वास्तुशांत रविवारी आहे. अंगणात आंबा पाहिजे. मोठा, सावली पडेल असा."

हौसाताई म्हणाल्या, "कलम देते. तुमची पोरं सावलीत बसतील."

"पोरं नाही हो, पाहुणे बसायचेत! रविवारी!"

त्यांनी हात जोडून त्याला वाटेला लावलं. त्यानं दुसरीकडून सोय केली. कुणाच्या तरी बांधावरचा चांगला फळता आंबा जेसीबीनं उपटून, ट्रेलरवर आडवा घालून आणला आणि भर उन्हाळ्यात अंगणात उभा केला. दोन दिवसांत पानं मलूल झाली, तेव्हा गाडी पाठवली. हौसाताई जायला तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, "झाडाचा काय दोस?" आणि गेल्या. त्या दिवशी दवाखाना बंद म्हणून मी तिथेच होते, मलाही बरोबर घेतलं.

त्यांनी बुंध्यापाशी बसून माती उकरली. मुळं सगळी दांडक्यासारखी तोडलेली. बारीक तंतू एक शिल्लक नाही. फांदीला कैऱ्या तशाच, सुरकुतलेल्या. आम्ही दोघींनी मिळून फांद्या उतरवल्या, बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं.  

निघताना हौसाताई म्हणाल्या, "मी केलं तेवडं केलं. पन सायेब, हे आता झाड नाय. लाकूड हाय."

तो जरासा विचारात पडला. मला वाटलं, उशिरा का होईना, लाज वाटतेय.

म्हणाला, "बरं, पण रविवारपर्यंत हिरवं दिसेल ना?"

*

चोरीचा किस्सा. हौसाताईंचा जास्वंदीच्या फांदीपासून रोप करायचा एक व्हिडिओ आहे. फांदी लावायची आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे आत ओल टिकते. एका गुळगुळीत चॅनेलवाल्यानं तो जसाच्या तसा उचलला. चित्र यांचंच, हात यांचेच, बांगड्यासुद्धा यांच्याच! फक्त आवाज काढून मागे बासरी आणि खाली अक्षरं. दामूभाऊ रडवेले झाले. आम्ही सगळ्या पेटलो. म्हटलं, पोलिसात जाऊ!

हौसाताईंनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि एकदम ओरडल्या, "अवं, शेवटचं कापलं ह्यानं! पावसाळ्यात पिशवी बांदू नका, फांदी कुजती, हे मी घसा फोडून सांगितलं, तेच कापलं!"

चोरीचं त्यांना काही नव्हतं. भर पावसात लोक कुजलेल्या फांद्या घेऊन त्यांच्याच दारात यायला लागले होते, आणि ते का, हे आत्ता कळत होतं.

त्यांनी त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'पावसात करू नका.' त्यानं त्यांना ब्लॉक केलं. मग दामूभाऊंनी लिहिलं. ब्लॉक. मग मी. ब्लॉक. मग माझी बहीण, माझी नणंद, नणंदेच्या ऑफिसमधल्या बायका...

शेवटी त्यानं कमेंटच बंद केल्या. आणि व्हिडिओखाली लिहिलं, 'निसर्गप्रेमींचे आभार.'

*

आमच्या सोसायटीत एक जुनी बकुळ आहे. चेअरमनना पार्किंग पाहिजे होतं. त्यांनी थेट खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले. वर सिमेंट. पाणी आत जायला बोटभर जागा नाही! मी भांडले. ते म्हणाले, "मॅडम, झाड आहे तिथेच आहे ना? आम्ही कुठे तोडलं?"

मी हौसाताईंना घेऊन आले. चेअरमन खाली आले, पोट सावरत, दात कोरत. हौसाताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सायेब, शर्टाचं गळ्याचं बटन लावा."

"का?"

"लावा तर."

त्यांनी लावलं. मान लाल झाली.

"आता हे काडायचं नाय. असंच जेवायचं, असंच निजायचं, आन वर्साच्या वर्साला जाडं व्हायचं."

जिन्यात उभ्या असलेल्या बायका फिसकन् हसल्या. चेअरमननी बटण काढलं आणि म्हणाले, "पुढच्या मीटिंगला विषय घेऊ."

मीटिंगला विषय आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका सकाळी आम्ही बायका पहार घेऊन उतरलो आणि खोडाभोवतीचे ब्लॉक उचकटले. चेअरमन गॅलरीतून ओरडत होते, "हे सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान आहे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या अबोल वहिनी, ज्यांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, त्या पहार उचलून म्हणाल्या, "खाली येता, का आम्ही वर येऊ?"

*

आणि आता नाल्याचं.

नर्सरीच्या मागून एक नाला वाहतो. त्यात हौसाताईंची मोटर. गेल्या उन्हाळ्यात पावसाळ्यासाठीची रोपं तयार होती. आंबा, फणस, काजू, जांभूळ. एका पहाटे दामूभाऊंनी नेहमीसारखी मोटर लावली. उजाडल्यावर दिसलं, पाण्याला फेस आणि नाक जाळणारा वास. वर पुलाजवळ कुणीतरी कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर रिकामा केला होता. संध्याकाळपर्यंत सगळी पानं करपली, कडेपासून आत, कागद जळत जावा तशी.

हौसाताई दामूभाऊंना एका शब्दानं बोलल्या नाहीत. बाकी सगळ्यांना बोलल्या. प्रदूषणवाल्यांच्या कार्यालयात जाऊन बोलल्या, फोनवर बोलल्या. कार्यालयातून माणूस आला, पण तोवर फेस वाहून गेला होता. तो नाल्याकाठी उभा राहून म्हणाला, "पाणी तर स्वच्छ दिसतंय!" मेलेली रोपं त्याच्या पाठीमागे होती. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही! त्याच्या उत्तराची आम्ही अजून वाट बघतोय.

टँकर मात्र बंद झाले. कसे, ते मी डोळ्यांनी बघितलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पिशव्यांमधून मेलेली रोपं उपसत बसलो होतो. एक माणूस आला, खाकी शर्ट, हातात पत्र्याच्या डब्यात लावलेला मोगरा. "ताई, तुमचे व्हिडिओ बगतो मी. बायकोनं हौसेनं लावलाय. सगळं तुमच्यासारकं केलं, तरी पानं जळतात."

हौसाताईंनी डबा घेतला. मातीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. आणि तशाच थांबल्या.

"पानी कंचं घालतोस रं?"

"गाडी धुतो ना आवारात, ते खाली साचलेलं पानीच बादलीत भरून नेतो."

"कंची गाडी?"

 त्यानं आमच्याकडे बघितलं, आमच्या हातातल्या रोपांकडे बघितलं, शेडमधल्या रिकाम्या रांगांकडे बघितलं. त्याचा चेहराच उतरला. "टँकर," म्हणाला. "वर पुलापाशी... मला सांगतात तिथं वततो, ताई. खाली कुनाचं काय हाय, मला खरंच नाय ठावं."

मी उठले. खरं सांगते, हातात खुरपं होतं आणि मी ते घट्ट धरलं होतं.

"बस खाली," हौसाताई म्हणाल्या. मला!

त्यांनी डब्यातून मोगरा अलगद काढला. सगळी माती झटकली. प्यायच्या हंड्यातलं पाणी घेऊन मुळं धुतली, पुन्हा धुतली. जळकी मुळं कापली. नव्या मातीत, नव्या कुंडीत लावला. मुळाला एवढासाही धक्का लागू दिला नाही. दामूभाऊंनी हळूच विचारलं, "अगं, घेऊ का शूट?"

"घ्या."

कुंडी त्याच्या हातात देऊन त्या उभ्या राहिल्या. "मोगऱ्याचं मी सांगितलं. आता नाल्याचं तू सांग. त्यात बगून."

तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला. "मालकाचं नाव घेतलं तर माजं काम जाईल, ताई."

"जाईल," हौसाताई म्हणाल्या.

 तो वळला, कुंडी घेऊन चालायला लागला. मला वाटलं, गेला! पण तो शेडपर्यंतच गेला. तिथे सावली बघून कुंडी नीट टेकवली, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि परत येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

दामूभाऊंना म्हणाला, "चालू हाय ना? आदी माजं नाव सांगतो. मंग त्याचं."