ठिपक्यांचं कडं

मोडवाल्या मामांनी अंगाखाली पोतं दिलं आणि मामींनी ताकातल्या कण्या भरवल्या, म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे. नात्यानं दोघंही माझे कुणी नव्हेत. मामांचं चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला मोडीचं दुकान. मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडून आलेला. बांधकामावर तापानं पडलो तशी मुकादमानं हजेरीतून माझं नाव खोडलं, आणि रस्त्यानं झोकांड्या खात जाताना मामांच्या दारात बसलो तो तिथलाच झालो. तापातून उठल्यावर पाहिलेल्या गोष्टींवरून छातीवर हात ठेवून सांगतो, की धंद्यात राहून धंद्याकडे इतक्या निष्ठेनं पाठ फिरवलेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल.

मोडीचं दुकान म्हणजे लोकांनी फुटकी घागर, चेपलेला तांब्या, आज्याच्या गाडग्यातली जुनी नाणी आणून द्यायची. दुकानदारानं वजनावर घ्यायची. आणि पुण्याच्या तांबटाची गाडी आली की भट्टीसाठी भरून द्यायची. कुणीही हे काम बसल्या बसल्या करील. पण नाण्यांचं गाठोडं आलं की मामांचा तराजू थांबायचा. सगळी रास उन्हात पोत्यावर ओतून एकेक नाणं उचलायचं, थुंकीनं ओलं करायचं, अंगठ्यानं पुसायचं, नाकाशी धरून उलटसुलट बघायचं. गिऱ्हाईक उभंच. थेरगावची एक बाई गळकं घंगाळ डोक्यावर घेऊन ताटकळली, शेवटी म्हणाली, "मामा, माझी मान मोडली." मामा वर न बघता म्हणाले, "मोड असंल तर ठेव तराजूत. बाकीच्यांनी बसा, हितं राजं दरबारात आल्यात." भोकाच्या पैशाला ते 'वॉशर' म्हणत, कारण कारखान्यातले फिटर तो खरोखरच बोल्टाखाली घालत. झिजलेल्या राणीछापाला 'म्हातारी' म्हणत आणि तिला बाजूला ठेवताना 'जा बाई, सुटलीस' असंही म्हणत. चऱ्होलीच्या एका शेतकऱ्यानं शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे जुने पैसे, म्हणजे शिवराया, ठोकून चपट्या केल्या होत्या, बादलीला ठिगळ लावायला. मामांनी त्याला विचारलं, "आज्याची टाळू घरी हुती ना? मग तिच्यावरच ठोकायचं व्हतं." तो माणूस पुन्हा आला नाही. असे न आलेले पुष्कळ.

ते शोधत होते एकच. शिवराईच्या कडेनं बारीक ठिपक्यांचं कडं असतं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कडं कुठं ना कुठं तुटतं. कुणाचं डावीकडून गेलेलं, कुणाचं खालून. सगळं कडं पुरतं उमटलेली शिवराई मामांना हवी होती. पुण्याचे एक नाणी जमवणारे वकील तिला मोल देणार होते, पण मामांना त्यांनी ती पाहून 'वा' म्हणावं एवढंच हवं होतं. "एवढ्या राशीत एक तरी ठसा नीट बसला असंल की न्हाई, परभणी?" मला ते परभणीच म्हणत.

मग दैवानं त्यांची थट्टा केली. नवे पैसे निघाले, जुनं सगळं बंद होणार अशी आवई उठली, आणि गावोगावच्या लोकांनी गाडगी उपडी केली. सांगवीपासून चाकणपर्यंतची नाणी पोत्यांनी दुकानात आली. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांची नस सुकत चालली, उन्हाळ्यापर्यंत दिसलं तर दिसलं. मामा पहाट फुटताच अंगणात बसू लागले. जेवण तिथंच. तांबटाची गाडी आली की पोत्यावर आडवे पडून म्हणायचे, "हे पुढच्या खेपंला." हळूहळू नाणं नाकाला टेकायला लागलं. "काळ्यावर काळं दिसत न्हाई गं," असं एकदा मामींना म्हणाले. तसं गाऱ्हाणं त्यांनी कधी केलं नव्हतं.

जुन्या नाण्याला चिंच लावायची नाही, हा मामांचा कायदा. घासलं की अंगावरचा जुना रंग जातो, आणि रंग गेला की जाणता माणूस हात लावत नाही. मामींनी हे संसारभर ऐकलं होतं. तरी त्या बाईनं, मामा शेजारगावी मयतीला गेले असताना, अख्खं पोतं विहिरीवर नेलं आणि चिंचेचा कोळ, राख, विटेची भुकटी लावून एकेक नाणं भांड्यासारखं घासलं. मला तोवर कारखान्यात काम लागलं होतं. रविवारी आलो तर अंगणात तांबं नुसतं लखलखत होतं, मामी सोलवटलेली बोटं पदरात लपवून उभ्या, आणि मामा नुकतेच परतलेले, वहाणा पायातच. "दिसंना म्हणत हुता ना," मामी म्हणाल्या, "म्हणून उजळलं."

मामा खाली बसले. चाचपत नाणी उचलू लागले. बऱ्याच वेळानं एकावर त्यांचा अंगठा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. "परभणी, कडं कुठं तुटतंय का बघ."

कुठंच तुटत नव्हतं. ठिपक्याला ठिपका लागून होता. आणि त्या सगळ्यांवरून विटेचे ओरखडे गेले होते.

"घावलं का हो?" मामींनी विचारलं.

"घावलं," मामा म्हणाले. "तू उजळलंस म्हणून घावलं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना पुण्याला नेलं. वकिलांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं. "अरेरे. कुणी घासलं हे? आता तांब्याच्याच भावानं जाईल."

"माझाच हात गेला, साहेब," मामा म्हणाले. "दिसत न्हाई ना."

परतताना ते एवढंच बोलले, "घरी सांगायचं, साहेब उठून उभं ऱ्हायलं." मी तसंच सांगितलं. मामींनी आळीभर सांगितलं आणि शिवराई देव्हाऱ्यात ठेवली.

आता मामांना काहीच दिसत नाही. पोती त्यांच्या हाताखालून न जाताच भट्टीला जातात. मामी दर सणाला देवांबरोबर ती शिवराई चिंचेनं घासतात. कडं जवळजवळ गेलंय. घासून झाल्यावर मामांच्या हातावर ठेवतात, मामा अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "हाय. पुरतं हाय."

त्यांचं देणं माझ्याकडून फिटायचंय. रविवारी तांबटाची गाडी यायच्या आधी मी दुकानात जातो आणि पोती ओतून बसतो. अजून हाताला लागलेलं नाही. पण कुठल्यातरी गाडग्यात दुसरा एक ठसा नीट बसलेला असेल. तो सापडला की चिंच न लावता, काळा आहे तसा, मी मामांच्या अंगठ्याखाली ठेवीन आणि मामींना त्यातलं काही कळू देणार नाही.