निकाली कुस्तीचा पंच

खर्ड्याच्या बाजूला जत्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात, आणि आमच्या गावच्या हगाम्यातली शेवटची कुस्ती निकालीच होते. निकाली म्हणजे काय, हे पुण्याच्या पाहुण्यांना दरवर्षी समजावत बसावं लागतं. वेळ संपली म्हणून सोडवासोडव नाही, गुण मोजणं नाही. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत दोघांचीही सुटका नाही. पाठ लागली की भांडणही तिथंच संपलं.

हा शब्द गावात सगळ्यात जास्त कुणी वापरला असेल, तर हगाम्याच्या कुस्त्यांचे पंच असलेल्या आमच्या पुंजारामांनी. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून गुऱ्हाळ सुरू झालं, की मागून यांची आरोळी: "निकाली करा एकदाचं!" जावई चहा घ्यावा की सरबत यात घुटमळला, तरी "निकाली बोला, पाव्हणं!"

घरात मात्र हा गडी कायम बरोबरीत. दोघा भावांचं एकत्र कुटुंब, एकच चूल, आणि सत्ता थोरल्या भागवतदादांची. बियाणं कुठलं आणायचं इथपासून भाजी कुठली करायची इथपर्यंत सगळं दादा ठरवणार आणि पुंजाराम मान डोलावणार. बायको राहीबाई वेगळ्या चुलीसाठी मागं लागून थकली. "ह्यांची शिट्टी आखाड्यातच वाजती," म्हणायची. मलाही त्यांचा राग यायचा. असला कसला पंच!

यंदा शेवटच्या कुस्तीला दादांचा मुलगा अजिनाथ उतरला. समोर राहुरीचा पैलवान, अंगानं आडवातिडवा. आमचं पोरगं चिवट, पण बराच वेळ झुंजून त्याचा दम उखडला. राहुरीकरानं त्याला खाली घेतलं आणि मानेवर घिस्सा ठेवून त्याला उताणा पाडायला लागला. अजिनाथची पाठ आता लागणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

दादा धोतर सावरत थेट आखाड्यात शिरले.

"पुंज्या, सोडव! बरोबरीत सुटली म्हन!"

पुंजारामांनी सवयीनं मान खाली घातली. शिट्टी ओठांपाशी गेली. झालं, म्हटलं मी मनात, वाजवतोय आता. पण त्यांनी शिट्टी खाली घेतली.

"दादा, निकाली हाय. तुमी भायेर व्हा."

तेवढ्यात अजिनाथ चितपट झाला. पुंजारामांनी राहुरीच्या पोराचा हात वर केला. हलग्या कडाडल्या, पण आमच्या गावाला टाळी वाजवायचं सुचेना.

दादा रागानं लाल झाले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "घरच्या पोराची लाज घालवलीस. आजपास्नं तू येगळा. तुझी चूल येगळी."

"बरं," पुंजाराम म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्या भावावर त्यांचा जीव होता हो. नुसती भीती असती तर कधीच वेगळे झाले असते.

अजिनाथ उठला. पाठीची माती त्यानं झटकली नाही. बापाकडं बघितलं, मग वाकून चुलत्याच्या पायाला हात लावला.

"काका, माझं ताटबी तिकडंच वाढा."