पाडव्याचा जादा हार

दर मार्चमध्ये एका सोमवारी भल्या पहाटे आमच्या न्यूझीलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या घरी टीव्ही लागायचा. तिकडे कतारच्या वाळवंटात तेव्हा रविवारची रात्र असायची आणि दिव्यांच्या झगझगाटात मोटरसायकलींची रेस. नवरा चहाचा मग घेऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसायचा. वाळवंटात रात्री दव पडतं, ट्रॅक निसरडा होतो, हे तो मला दरवर्षी नव्याने सांगायचा. वळणावर रायडर इतके कलायचे की गुडघा रस्त्याला घासायचा, आणि इकडे नवऱ्याचा उजवा पाय गालिच्यावर दाबला जायचा. मागचा ब्रेक तिथे असतो म्हणे. मला हसू यायचं. त्याच पायात सळई आहे.

सळई पुण्यातली. लग्नाआधी हा हौशी रेसमध्ये उतरायचा. लग्नानंतर सिंहगडाच्या घाटात, कोणीही न लावलेली एक रेस हरला. तेव्हा हॉस्पिटलात मी दोन वर्षांच्या लेकीला त्याच्या पलंगावर बसवलं, त्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा मोटरसायकलवर बसणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. शिकल्यासवरल्या बाईने असं करू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण उपयोग झाला. न्यूझीलंडला आल्यावरही त्याने रेस फक्त पाहिली. निदान २०१८पर्यंत माझी तशी समजूत होती.

मी इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. डॉक्टरने लिहिलेल्या डोसवर चटकन विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे संशय घ्यायला वेगळी मेहनत पडत नाही. त्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, आधी घरातले जुने टूथब्रश नाहीसे झाले. मग नवऱ्याच्या नखांत काळं ग्रीस दिसू लागलं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे दर शनिवारी घरामागे लाकडी डेक, म्हणजे ओटा, बांधायचं काम निघालं. कुठवर आलं, असं विचारलं की हा म्हणायचा, "चाललंय." कपड्यांवर भुसा एकदाही दिसला नाही. वास मात्र पेट्रोलचा.

लेक त्याच्याबरोबर जायची, तेवढाच मला धीर होता. सतरा वर्षांची पोर समोर असताना बाप शपथ मोडणार नाही, असा माझा हिशोब. शिवाय हेर घरचाच.

"बाबा तिकडे काय करतो गं?" मी विचारायचे.

"हीप्स ऑफ स्टफ, आई," ती फोनमधून डोकं वर न काढता सांगायची.

ती बापाला पाठीशी घालतेय, हे मला स्पष्ट दिसत होतं. राग होताच, पण भीती जास्त होती. तो पाय दुसऱ्यांदा जोडता येणार नाही, असं सर्जनने बजावलं होतं. आणि शपथेत लेकीचं डोकं होतं. मोडली तर काय, हा विचार मला छळायचा, आणि तो कुणापाशी बोलायची मला लाज वाटायची.

त्या वर्षी पाडवा रविवारी आला आणि रेस दुसऱ्याच पहाटे. सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी परसातल्या झेंडूचे हार ओवत बसले होते, एक दाराला, एक गाडीला. नवरा उंबऱ्यापाशी घुटमळला.

"अजून एक हार होईल का? लहानसा चालेल. आणि दोन लिंबं."

"कशाला?"

"मित्राच्या डेकला."

डेकला हार घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात. दोन लिंबं कुठे लागतात, हे ओळखायला फार्मसिस्ट व्हावं लागत नाही. महिनोन् महिने सगळं लपवलेल्या माणसाला पाडव्याच्या दिवशी नवी गाडी हाराशिवाय बाहेर काढवेना.

मी हार ओवून दिला, हसून दिला. बापलेक कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, इथल्या किराणा दुकानापाशी, वळले तशी काठपदराच्या साडीवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून मागोमाग निघाले. कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ माओरीत नमस्कार करावा तसं "किया ओरा" म्हणाले. मी काही उत्तर दिलं की नाही, आठवत नाही.

मित्राच्या गराजचं दार वर होतं. आत लाल मोटरसायकल, हँडलला माझा हार, चाकांखाली माझी लिंबं, मागे शिकाऊ चालकाची पिवळी पाटी. नवरा बाजूला नारळ घेऊन उभा होता. सीटवर हेल्मेट घालून लेक बसली होती.

"शपथ घेतली होतीस," मी नवऱ्याला म्हणाले.

"मी बसलो नाहीये. एकदाही नाही. विचार तिला."

तो खरं बोलत होता. खोटं बोलताना तो नाक खाजवतो, आणि त्याचे दोन्ही हात नारळावर होते.

लेकीने हेल्मेटची काच वर केली. "आई, इट्स माइन. बाबा फक्त शिकवतो."

"आणि शपथ?"

"ती बाबाने घेतली. आय वॉज टू इयर्स ओल्ड."

ती उद्धटपणे बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. बापाला अडवायला तेव्हा लेकीचं डोकं माझ्या हाताशी होतं. लेकीला अडवायला मी कोणाचं डोकं आणणार होते? नवऱ्याने कुंकवाची डबी पुढे केली. घ्यायची नाही असं ठरवून मी ती घेतली आणि पेट्रोलच्या टाकीवर स्वस्तिक काढलं. लिंबं फुटली. लेक कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत मी कुंकवाची उघडी डबी घेऊन रस्त्यात उभी होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे टीव्ही लागला. एरवी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारी लेक आमच्या दोघांच्या मध्ये बसली. दिव्यांच्या उजेडात एक रायडर घसरला, लोळत वाळूत गेला, उठला आणि अंग झटकून चालू लागला. "ही इज ऑल गुड," लेक म्हणाली. बाकीचे वळणावर खाली कलले, तेव्हा गालिच्यावर माझा उजवा पाय जोरात दाबलेला होता.