हल्लू नक्को

तमाम सज्जनांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्यावहिल्या फोटोत त्याला तोंडच नाही. डोळे आहेत, टोपडं आहे, गालावर काजळाची तीट आहे. नाकाखाली मात्र एक हात आहे, आणि तो त्याचा नाही.

निजामाच्या अमलातली गोष्ट. आम्ही बिदरजवळ कमठाण्याला राहायचो आणि वडील हैदराबादेत एका कापडाच्या दुकानात कारकून होते. भाऊ जन्मला तेव्हा ते तिकडंच होते, तो रांगायला लागला तरी तिकडंच. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप यायचा, पुढच्या महिन्यात येतो. तो पुढचा महिना काही आमच्या गावाला लागत नव्हता. आईचं म्हणणं एवढंच, की त्यांनी एकदा लेकराचं तोंड बघावं. ते येत नाहीत तर तोंडच तिकडं पाठवू, मग बघू कसे येत नाहीत.

म्हणून पाटलांच्या लग्नाला बिदरला दुकान थाटलेला हैदराबादी फोटोवाला आला, तेव्हा आईनं त्याला सामान बांधता बांधता गाठलं. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. तीन पायांवर भली मोठी लाकडी पेटी, मागं काळं फडकं, पुढं भिंगावर पितळी झाकण. झाकण काढायचं, घड्याळ बघत जरा थांबायचं, परत बसवायचं. तेवढ्यात जो हलला त्याचं फोटोत भूत व्हायचं.

"अम्मा, एकीच काच बची है," फोटोवाला म्हणाला. "बच्चा हिल्या तो काम बिगड्या."

रांगतं पोर कधी गप बसतं का? पण तोडही त्यानंच काढली. मोठ्या माणसानं खुर्चीवर बसायचं, अंगावरून काळी घोंगडी घ्यायची, पोर घोंगडीवरूनच मांडीवर ठेवायचं आणि आतून घट्ट धरायचं. फोटोत वाटावं, बाळराजे एकटेच विराजमान आहेत.

घोंगडीत शिरली आमची आत्या. ही वडिलांची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे. त्यांची आई लवकर गेल्यामुळं वडिलांना हिनंच भरवून वाढवलेलं. आळंदकडच्या कानडी गावात दिलेली, त्यामुळं तोंड मराठी बोलायचं, पण कान पक्के कानडी झालेले. लेकराला सांभाळायला तेव्हा आमच्याकडं येऊन राहिली होती.

"अक्का, दोन दात आलेत त्याला," आईनं बजावलं. "हसताना दिसू द्या तेवढे."

"व्हय गं, दाखवते की," घोंगडी बोलली.

मी शेजारी उभी, शोभेला.

सगळं जमलं. भाऊ दोन्ही दात काढून हसत होता. फोटोवाल्यानं आमच्यावर मेहेरबानी म्हणून शेवटचा हुकूम मराठीत दिला. त्याला म्हणायचं होतं, हलू नको. पण हैदराबादी जिभेचं एका ल वर आणि एका क वर भागत नाही. तो गरजला, "हल्लू नक्को."

आता कानडीत हल्लु म्हणजे दात, आणि एवढी कानडी आमच्याकडं पोरासोरांनाही कळायची.

मी गपकन ओठ मिटले. माझे पुढचे पडलेलेच होते, मला वाटलं मलाच टोमणा मारतोय. इकडं झाकण निघालं आणि तिकडं घोंगडीतून अक्काचा गोंदलेला हात बांगड्यांसकट बाहेर आला, तो थेट भावाच्या तोंडावर बसला. फोटोवाला घड्याळात बघत होता. भाऊ इतका चकित झाला की हललाच नाही.

झाकण परत बसल्यावर आईला बोलायला सुचलं. "अक्का, हे काय करून ठेवलात?"

"मी काय केलं? त्योच म्हणला की दात नको म्हणून."

"मैं दाँत बोल्याच नैं," फोटोवाला कळवळला.

"त्यो हलू नको म्हणायलाय, अक्का," आईनं समजावलं.

"मग सरळ तसं म्हणावं. दाताचं नाव कामून घेतलं?"

त्या दिवशी आईच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता. दुसरी काच नव्हती. शेवटी बिदरहून फोटो आला तसा तिनं तो हैदराबादला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती दिला. ज्यासाठी फोटो काढला तेवढंच त्यात नाही, आता ते कशाला येतात, असं म्हणत राहिली.

आणि वडील त्याच आठवड्यात आले.

अख्खा चेहरा दिसला असता तर त्यांनी तो दुकानात टांगून वर्षभर समाधान मानलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी तो गोंदलेला हात बघितला, ज्यानं त्यांना घास भरवले होते, आणि त्या हाताखाली काय आहे ते बघायला निघाले. त्या फोटोवाल्याच्या जास्तीच्या ल ला आणि क ला मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

ते आले तेव्हा अक्का ओट्यावर बसून भावाला ताक-कण्या भरवत होती. पोराचं तोंड बरबटलेलं, आणि ती ते आपल्या तळहातानं पुसत होती. वडील समोर येऊन उभे राहिले. आई दारात, पदराचं टोक दातांत. अक्का वडिलांना बघून अशी थिजली की हात होता तिथंच राहिला, पोराच्या तोंडावर. वडील गाठोडं खाली न ठेवताच बोलून गेले,

"अक्का, आता तरी हात काढ की."