आईच्या तोंडची ओळ

नीलम परब अंधेरीला चकाल्याच्या एका ऑफिसात हेडलाइनी लिहायची. हे काम लोकांना समजावताना तिची दमछाक व्हायची. मोबाइलवर जाहिरात दिसते, तिच्यावर बोट पडलं की एक पान उघडतं, त्याला लँडिंग पेज म्हणतात, आणि त्या पानावरची सगळ्यात वरची मोठ्या अक्षरांतली ओळ मी लिहिते, असं ती सांगायची.

"म्हणजे एकच ओळ?" घाटकोपरच्या भटवाडीतली शेजारीण जानकीकाकू म्हणाली होती. "मग उरलेला दिवस काय करतेस गं?"

उरलेला दिवस ती तीच ओळ खोडत बसायची.

एजन्सीचा मालक धवल. घाटकोपरचाच गुजराती, मराठी झकास बोलायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं, "हुशारी दाखवू नकोस. माणूस पान उघडतो आणि अंगठा हलवायच्या आत ठरवतो, थांबायचं का जायचं. त्याला कंपनीचं कौतुक वाचायचं नसतं. तो स्वतःचं दुखणं घेऊन आलेला असतो. ते दुखणं त्याच्याच शब्दांत वर दिसलं पाहिजे."

नीलमला हे पटकन जमलं, कारण तिचे कान तिखट होते. गाद्यांच्या एका कंपनीने 'उत्कृष्ट निद्रेचा अनुभव' असं लिहून आणलं होतं. तिने ते काढलं आणि लिहिलं, 'सकाळी उठताना कंबर धरावी लागते?' हे वाक्य तिने केमिस्टच्या दुकानात एका बाईकडून ऐकलं होतं. पान चाललं. त्यानंतर ती जिने चढताना, भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत लोक काय बोलतात ते ऐकत राहायची. बाकीची पोरं इंग्रजी ओळींची भाषांतरं करायची, ही माणसांची बोलणी आणायची. धवल तिच्यावर खूश होता.

तिचे वडील मार्तंड परब. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका बिल्डिंगीत लिफ्टमन झाले. पोटात दुखायचं, तर ओवा खायचे, सोडा प्यायचे, पाय पोटाशी घेऊन पडायचे. विचारलं तर "गॅस झालोहा" म्हणायचे. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्या दिवाळीच्या आधी ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नीलमची आई, रत्नप्रभा, एकच गोष्ट सांगायची. रडायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायची, "साधी पोटदुखी म्हणान आमी गप रवलंव." मग थोडं थांबून, "ते तर बोलनारे नाय. पन माका तरी कळूक होया होता."

दिवसकार्य झालं, माणसं यायची थांबली. आई मात्र ते वाक्य भांडी घासताना, कधी नुसतं खिडकीशी उभी राहून बोलायची. नीलमला ते पाठ झालं. नको असताना झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसात एक नवं गिऱ्हाईक आलं, तपासणी केंद्रांची एक साखळी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळीकडे शाखा. त्यांना डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीचं पॅकेज विकायचं होतं. त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं, 'प्रगत तंत्रज्ञान, अचूक निदान.' कोणी थांबत नव्हतं.

नीलमने आधी प्रामाणिक ओळ लिहिली. 'पोट वारंवार दुखतंय? कुठली तपासणी लागेल ते आधी डॉक्टरांना विचारा.' गिऱ्हाइकाला ती आवडली नाही. लोक डॉक्टरांना विचारायला गेले तर पॅकेज कोण घेणार? तिने दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. प्रत्येक वेळी दोन ओळी दोन गटांना दाखवून कुठली चालते ते बघायचे, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पडायच्या.

"तुझा हात गेला का गं?" धवलने विचारलं. तो हसत होता, पण पूर्ण हसत नव्हता. "संध्याकाळपर्यंत काहीतरी दे. नाहीतर हे गिऱ्हाईक जाईल."

नीलमने खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, '"साधी पोटदुखी आहे" म्हणून आम्ही गप्प बसलो.' वाचलं. मालवणी पुसून टाकली होती, तेवढाच काय तो फरक. तिने पाठवून दिलं आणि पाणी प्यायला उठली.

ती ओळ तुफान चालली. गिऱ्हाइकाने धवलला फोन करून अभिनंदन केलं. ऑफिसात केक आला. नीलमने एक तुकडा खाल्ला, दुसरा कागदात बांधून आईसाठी नेला. आईने विचारलं, "कसलो गो केक?"

"काम चांगलं झालं," नीलम म्हणाली. आईने चवीने खाल्ला.

ओळ मोबाइलवर थांबली नाही. गिऱ्हाइकाने ती रिक्षांच्या पाठीवर लावली, केंद्रांच्या भिंतींवर छापली. ती जानकीकाकूच्याही मोबाइलवर पोचली. काकूला कधीमधी पित्त व्हायचं, बाकी बाई टणटणीत. पण तिने मार्तंडरावांना जवळून बघितलं होतं. ती घाबरली, पॅकेज बुक केलं आणि एकटं जायला नको म्हणून रत्नप्रभाबाईंना सोबत घेतलं.

केंद्र नवंकोरं होतं. थंडगार एसी. काकू आत गेली आणि रत्नप्रभाबाई बाहेर सोफ्यावर बसल्या. समोरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, गोरी, विस्कटल्यासारखे दिसणारे पण नीट बसवलेले केस, डोळ्यांत पाणी. फोटोखाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य.

बाईंनी ते वाचलं. परत वाचलं. मग उठून काउंटरवरच्या मुलीजवळ गेल्या.

"ह्या बाईचो नवरो गेलो काय?"

मुलीने मान वर केली. "कोणाचा, काकी?"

"ह्या फोटोतल्या."

"नाही हो!" मुलगी हसली. "मॉडेल आहे ती. असं खरं काही नसतं, काकी. जाहिरातवाले लिहितात."

रत्नप्रभाबाई जागेवर येऊन बसल्या. काकू बाहेर आली तेव्हा फोटोकडे बघून त्यांना म्हणाली, "वहिनी, तुमच्यासारखंच झालेलं दिसतंय हो त्या बाईचं."

संध्याकाळी नीलम घरी आली. आईने चहा ठेवला नव्हता. दिवा लावला नव्हता.

"तुझ्या हापिसातला काम तां?" आईने विचारलं. "भिंतीवरचा?"

नीलमला लगेच कळलं. "कुठे बघितलंस?"

"ता माझा बोलणा."

"आई, तसं नाही. लोक वेळेवर तपासणी करतील, म्हणून..."

"जानकीक काय झालाहा?"

नीलमने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"ती पोरगी माका सांगता, खरा काय नसता म्हणान." आईचा आवाज चढला नाही. "ह्यांका जावन वरीस नाय झाला. माका इचारलंस तरी काय?"

नीलमने माफी मागितली. आईचे पाय धरले. आईने पाय मागे घेतले आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी नीलम धवलसमोर उभी राहिली. ही ओळ माझ्या आईची आहे, काढून टाक, म्हणाली. धवलने शांतपणे ऐकलं. त्याला खरंच वाईट वाटलं, असं तिने नंतरही सांगितलं.

"पण यार नीलम, ओळ आता त्यांची आहे. चालणारी ओळ कोण काढतं?" मग जरा विचार करून म्हणाला, "एक करू. तुझी आई दुखावलीय ना? पोटदुखी काढायला सांगतो. त्यांना तसंही डोक्याचं आणि छातीचं पॅकेज आणायचंय."

महिन्याभरात नव्या पाट्या आल्या. 'साधी डोकेदुखी आहे म्हणून.' 'साधा खोकला आहे म्हणून.' पोटदुखीची पाटी काढलीच नाही कोणी. तिन्ही शेजारी शेजारी लागल्या.

जानकीकाकूच्या रिपोर्टात कुठेतरी बारीक डाग निघाला. मग आणखी तपासण्या, मोठ्या डॉक्टरांच्या फेऱ्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाने असतो असा डाग. तोवर काकू निम्मी झाली होती. अजूनही तिला झोपेत दचकायला होतं. नीलम जिन्यात भेटली की ती हसते, कारण तिला काही माहीत नाही. रत्नप्रभाबाईंनी सांगितलं नाही.

नीलमने नोकरी सोडली नाही. सोडते म्हणाली होती दोनदा. तिथेच तिला वरची जागा मिळाली, आता ती नव्या पोरांनी लिहिलेल्या ओळी तपासते.

घरात आई बोलते. गॅस संपला, नळ गेला, मामा कुडाळहून येणार आहे. मार्तंडरावांचं नाव मात्र नीलमसमोर निघत नाही. वर्षश्राद्धाला सगळे जमले, मामाने त्यांच्या गिरणीतल्या गमती सांगितल्या, जो तो काहीतरी सांगत होता. नीलम पाट घेऊन आत आली तशी आई सांगता सांगता थांबली आणि वाढायला उठली.

माणसं गेल्यावर नीलम तिच्याशेजारी जाऊन बसली. "आई, काय सांगत होतीस मघाशी? मलाही सांग ना बाबांचं."

आईने ताटं गोळा करायचं थांबवलं नाही.

"कित्याक?" ती म्हणाली. "परत लिवतलंस."